जंटल, कात्री, मन

प्रल्हाद, माझी राखाडी पँट तुझ्याकडेच राहिली. कंबर आत घ्यायला दिली होती. "सोमवारी या, मास्तर," म्हणालास. सोमवारी मी वारंगा फाट्यावर उतरलो तर तुझ्या दुकानाचं शटर खाली. शेजारचा पंक्चरवाला हात पुसत पुढं आला आणि म्हणाला, "टेलरला सकाळी नांदेडला नेऊन राहिले होते, सर. वाटंतच गेला." मी तिथंच उभा राहिलो. पहिला विचार काय आला सांगू? आता माझी पँट कोण देणार. लाज वाटते लिहायला, पण तुझ्याशी खोटं बोलून आता मिळवायचं काय? दुसरा विचार जरा उशिरा आला, आणि अकरा दिवस झाले तरी हलायला तयार नाही. तुला जे सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगायचं कोणाला?

हे "तू" लिहितानाही हात अडखळतोय. बावीस वर्षं मी तुला तू म्हणालो आणि तू मला तुमी. वयानं तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पण तू बौद्ध वस्तीतला टेलर, मी देशमुखाच्या घरातला इंग्रजीचा मास्तर, त्यामुळं कोणी कोणाला काय म्हणायचं हे आपण जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. आता एकदम "प्रल्हादराव, आपण" असं लिहायला घेतलं तर तू तोंडातली टाचणी काढून विचारशील, "काहून मास्तर, काही उसवलं का?" म्हणून राहू दे. तूच बरा.

माझी शाळा फाट्याच्या पलीकडच्या गावात, घर कळमनुरीला. शाळा सुटली की जीपनं फाट्यावर यायचं आणि नांदेडहून येणाऱ्या हिंगोलीच्या गाडीची वाट बघायची. गाडी कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. पहिल्यांदा तुझ्या दुकानात शिरलो तो शिवायला नाही, भांडायला. बोर्ड बघून डोकं फिरलं होतं माझं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं: डावीकडं "जंटल", मग हातभर लांब कात्री, आणि कात्रीच्या पलीकडं "मन टेलर्स". कळमनुरीच्या बाबूमियाँ पेंटरची करामत. त्याला कात्री झकास जमायची, म्हणून तो ती आधी काढायचा, अगदी मधोमध, आणि अक्षरं उरलेल्या जागेत कोंबायचा.

"अरे बाबा, जंटलमन हा एक शब्द आहे. तू तो कापून ठेवलास," मी म्हणालो.

"टेलर हाय मी. कापणारच."

"पण अर्थ बदलला ना. मन नाही, मॅन. मॅन म्हणजे माणूस."

"ते तुमच्या विंग्रजीत. बोर्ड मराठीत हाय," तू म्हणालास, आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं. "आन् मास्तर, बराबरच हाय की. माणूस काय, दिवसातून चार डाव बदलतो. मन जंटल पायजे."

इंग्रजीच्या मास्तराला टेलरनं गप्प केलं, ही गोष्ट मी घरी बायकोलाही सांगितली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता, आणि मी पुन्हा येऊन त्याच स्टुलावर बसलो. तेव्हापासून ते स्टूल माझंच झालं. कोणी दुसरं बसलं तर तू म्हणायचास, "उठा भौ, तिथं विंग्रजी बसत असती."

मग शिवायलाही तुझ्याकडंच टाकायला लागलो. लहानपणी बैलगाडीवरून पडलो तेव्हापासून माझा उजवा पाय अर्धा इंच आखूड आहे. हे कोणाला सांगत नाही मी. आधीचे टेलर दोन्ही पायांची उंची एकच धरायचे आणि उजवी मोरी, पँटचं ते खालचं तोंड, बुटावर लोळायची. तू मात्र आधी डावा पाय मोजलास, मग उजवा, क्षणभर थांबलास, वहीत काहीतरी टिपलंस आणि म्हणालास, "गुरवारी न्या." गुरुवारी पँट घातली तर दोन्ही मोऱ्या बरोबर बुटावर टेकलेल्या. त्या पायाबद्दल तू मला कधी एक शब्द विचारला नाहीस. मीही सांगितला नाही.

ही तुझी रीतच होती. दुसरे टेलर टेप कमरेभोवती घालतात आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं ओरडतात, बेचाळीस! तू आकडा तोंडातून काढायचा नाहीस. माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचा नाहीस, टेपाकडं बघायचास. एकदा रस्त्याची कामं घेणारा एक गुत्तेदार तणतणत आला, पँट टाकली तुझ्या मशिनीवर, म्हणाला ही काय लेकराची शिवली का? त्याचं पोट चांगलं चार बोटं सुटलेलं. तू पँट हातात घेऊन उजेडाला धरलीस. "कापडच असलं आलं, सायेब. आटलं. ढिली करून देतो." तो गेल्यावर मी खवळलो. म्हणालो, खोटं कशाला बोललास? पोट सुटलंय त्याचं!

"ते त्याला ठाव न्हाई व्हय?" तू म्हणालास. "मी काहून सांगू? टेप माझ्या हातात हाय म्हून?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं मला ते बोचत राहणार होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

फाट्यावर मग आपला एक खेळच झाला होता. कोण जंटलमन, कोण नाही. म्हातारीसाठी गाडी दीड मिनिट थांबवणारा कंडक्टर? तू म्हणायचास, "हाय." म्हातारीला हात देऊन वर चढवणारा, पण मग तिचीच खिडकी घेणारा? "कात्रीच्या अल्याड हाय. पल्याड न्हाई गेला अजून." म्हणजे जंटल आहे, मन नाही. मी पोट धरून हसायचो. शाळेत दिवसभर कोणी माझ्याशी असं बोलत नव्हतं, प्रल्हाद. घरीही नाही. खरं सांगायचं तर मी पुष्कळदा आलेली गाडी सोडायचो आणि घरी सांगायचो, आज लेट होती.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कोटाचं माप घ्यायला तू घरी आलास. आईनं तुला चहा दिला तो फडताळातल्या खालच्या, कानतुटक्या कपात. आमच्या घरी तो कप कोणासाठी ठेवलेला होता हे तुलाही कळलं, मलाही. तू प्यालास, विसळून पालथा घातलास. मी पेपर वाचत होतो. वाचत कसला, तोंडापुढं धरला होता. ह्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. पण आज ज्याची माफी मागायला बसलोय ती गोष्ट ही नव्हे. तिथं मी नुसता गप्प बसलो होतो. पुढं तर मी बोललो.

आपला वाद एकदाचा जिंकावा म्हणून मी शाळेच्या लायब्ररीतली जाडजूड डिक्शनरी घरी आणली होती. जंटलमन शब्द काढला. तुला दाखवून द्यायचं होतं की मनबिन काही नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या भावकीतले बापूराव तुझ्याकडं जाकिटाचं माप द्यायला आले. मी स्टुलावर होतो. चहा पीत आणखी चार-पाच जण उभे होते. बापूरावांनी हात पसरले, तू टेप लावलास, आणि बोर्डाकडं बघून ते म्हणाले, "काय रे प्रल्हाद, जंटलमन म्हंजे काय ते तरी ठाव हाय का तुला?"

तू हसलास. ते हसणं अजून माझ्या डोळ्यापुढं आहे. तू माझ्याकडं बोट केलंस, विश्वासानं, घरच्या माणसाकडं करावं तसं. "मास्तराला इचारा की. आमचे मास्तर बसले हायत ना इथं. ते सांगतेन."

आणि मास्तरानं सांगितलं. घसा साफ करून सांगितलं. मूळ लॅटिन शब्द जेन्स, म्हणजे कूळ. त्यावरून जेंटल. आज आपण त्याचा अर्थ सौम्य, मवाळ असा घेतो, पण तो नंतरचा. आधीचा अर्थ खानदानी. मोठ्या कुळात जन्मलेला माणूस, तो जंटलमन. वर्गात फळ्यावर लिहून द्यावं इतकं व्यवस्थित सांगितलं मी.

बापूरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे आमी! देशमुख! अरे मंग हा बोर्ड आमच्या दारावर लाव की लेका, तुझ्या दुकानावर काहून लावला?"

सगळे हसले. मीही हसलो.

हेच ते, प्रल्हाद. तो अर्थ सांगितला ह्याचं मला तेवढं नाही. अर्थ खराच होता. पण मी हसलो. आणि नुसता हसलो नाही, बापूराव "आमी" म्हणाले तेव्हा त्या "आमी"त मीही होतो आणि क्षणभर मला बरं वाटलं. तू हसला नाहीस. तोंडातली टाचणी काढलीस आणि म्हणालास, "हात वर घ्या, बापूराव." माप पूर्ण केलंस. पोटाचा आकडा न बोलता वहीत लिहिलास. त्यांचं माप तू झाकून ठेवलंस, आणि तुझं माप मी चारचौघांत मोठ्यानं वाचलं. डिक्शनरी माझ्या हातात होती म्हणून.

आठवड्यानं आलो तर बोर्डावर नुसतं "टेलर्स" होतं. बाकीच्या जागी पिवळा रंग. कात्रीसुद्धा पुसली होतीस. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "रंग उडून राहिला होता, मास्तर." उडालेल्या रंगावर कोणी नवा रंग मारून शब्द घालवतं का? पण मी "बरं" म्हणालो, आणि तू चहा सांगितलास. स्टूल होतं तिथंच होतं. त्यानंतर सात वर्षं मी त्यावर बसलो. तू तसाच हसायचास, शेतीचं, पाण्याचं, तुझ्या लेकीच्या, कविताच्या सासरचं बोलायचास. फक्त तो खेळ पुन्हा कधी खेळला नाहीस. एकदा कंडक्टरचं काहीतरी निघालं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, हा कात्रीच्या अल्याड का पल्याड? तू सुईत दोरा ओवत म्हणालास, "आपल्याला काय कळतं त्यातलं."

आता राहिलेलं सांगतो. त्या डिक्शनरीत तो अर्थ तिथंच संपत नव्हता. खाली आणखी लिहिलं होतं, आणि ते मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. शब्द कुळातून निघाला खरा, पण निघाला आणि चालत राहिला. लोकांनीच तो ओढून दुसरीकडं नेला. मोठ्या घरात जन्मलेला, इथून तो मोठ्या घरच्यासारखा वागणारा इथं आला, आणि तिथून जो नीट वागतो तो, मग घर कोणतं का असेना. तू बाबूमियाँच्या चुकीवरून जिथं पोचला होतास तिथंच तो शब्द शेवटी पोचला होता. म्हणजे वाद तू जिंकला होतास. मला ते माहीत होतं. मी अर्धाच अर्थ सांगितला, कारण बापूराव अर्ध्यावरच हसले आणि पुढचं सांगायला मला त्यांचं हसू मोडावं लागलं असतं.

नंतर मी आपले शब्दही धुंडाळले. जणू त्यानं काही भरून निघणार होतं! खानदानी, कुलीन, त्यांचं तर तोंडावरच लिहिलेलं आहे. बाबूमियाँच्या बोलीतला शरीफ हा शब्द, तोही म्हणे मुळात थोर वंशाचा. सभ्य घे, सभेत बसायला लायक तो सभ्य. पण सभेत बसू कोणाला देत होते? जो तो शब्द दारात उभा राहून आधी विचारतो, कोणाचा रे तू? एक तुझाच बोर्ड होता, चुकीचा, मधोमध कापलेला, ज्याला बापाच्या नावाशी देणंघेणं नव्हतं. हे सगळं मला तुला सांगायचं होतं. शंभरदा तोंडाशी आलं. दर वेळी गाडी आली. आणि खरं बोलायचं तर, ज्या गाड्या मी पूर्वी गप्पांसाठी सोडत होतो, त्याच आता धावत जाऊन पकडत होतो.

शेवटच्या दिवशीही तेच. शुगरनं मी निम्मा झालोय, पँट खुंटीला टांगल्यासारखी लोंबते. तू कमरेत बोटं घालून बघितलंस आणि म्हणालास, "मास्तर, कापड सैल पडून राहिलं बगा." मला भरून आलं रे. म्हणालो, "प्रल्हाद, एक बोलायचं होतं." तू मान वर केलीस. टेप गळ्यात, चष्मा नाकावर. "बोला ना." तेवढ्यात हॉर्न वाजला, आणि मी म्हणालो, "सोमवारी बोलू."

तुमच्या विहारातल्या शोकसभेला आलो होतो. वहिनी पांढऱ्या साडीत पुढं बसल्या होत्या. मला बोलायला सांगितलं. वाटेत ठरवून आलो होतो की आज चारचौघांतच सांगायचं, जसं केलं तसंच निस्तरायचं. माईक हातात आला आणि काय म्हणालो असेन? "प्रल्हादराव अत्यंत मनमिळाऊ, सज्जन, सद्गृहस्थ होते." निवृत्तीच्या निरोपसमारंभात म्हणतात तसं, धडाधड. खाली बसलो तर वहिनी हळूच म्हणाल्या, "मास्तर, ते नेमी सांगायचे बगा, आमच्या मास्तरापशी लई शब्द हायत." मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

काल कवितानं निरोप धाडला, काका, पँट सापडली, या. ती हट्टा गावी सासरी ब्लाऊज शिवायची, आता फाट्यावरचं दुकान तीच बघणार म्हणे. तुझ्या मशिनीवर बसली होती. माझ्या पँटवर तुझी खडूची खूण होती, पण टीप मारायची राहिली होती. "किती आत घ्यायची ते वहीत असन," म्हणून तिनं तुझी मापाची वही काढली. वहीत माणसांची नावं कमी, तुझ्या खुणाच जास्त. कंडक्टर-मिशी. तलाठी-पान. ती शोधत राहिली. "काका, मास्तर म्हून कोणीच न्हाई हो ह्याच्यात."

मी चष्मा लावून वाकलो. पार जुन्या पानावर सापडलो. पायावरून ओळखलं. "उजवा पाय अर्धा कमी," आणि वर नाव, तुझ्या गोल अक्षरात: जंटल मन. मध्ये जागा सोडून. पुढचं पान, पुन्हा जंटल मन. दिवाळीची पँट, जंटल मन. मुलीच्या लग्नाचा कोट, तो कानतुटका कप, त्यानंतरसुद्धा जंटल मन. वर्षानुवर्षं तू मला त्या नावानं लिहीत होतास आणि मला पत्ताच नव्हता. मग बापूरावांच्या जाकिटाचं पान आलं. त्याच्या पुढच्या पानावर "उजवा पाय अर्धा कमी" होतं, आणि वर लिहिलेलं: देशमुख. तिथून शेवटपर्यंत देशमुख.

तोंडानं तू मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणत राहिलास. आडनावानं बावीस वर्षांत एकदाही हाक मारली नाहीस. पण वहीत मी सांगितलेला अर्थ तू घेतलास. जंटलमन म्हणजे कूळ, तर मग कूळ लिहावं. मास्तरानं चूक दाखवली की पोरं खोडून दुरुस्त करतात, तसं. तुला राग आला असता, चार शिव्या घातल्या असत्यास, तर बरं झालं असतं. चुकलो रे प्रल्हाद. अर्थ सांगण्यात नाही, हसण्यात चुकलो, आणि मग सात वर्षं रोज नव्यानं चुकत राहिलो. हे तुला, तू असताना, त्या चार-पाच जणांसमोर, बापूरावांसमोर सांगायला हवं होतं. ते झालं नाही. आता कागदावर लिहून ते होत नाही, एवढं तरी कळतं मला.

"हे तुमीच ना, काका?" कवितानं विचारलं. "अर्धा कमी लिवलंय ते?"

"व्हय. मीच."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पँटकडं. "जुनं माप चालायचं न्हाई," ती म्हणाली. "कापड सैल पडलंय." अगदी तुझ्यासारखं, मान खाली घालून. मग तिनं एक कोरी वही काढली, पहिलं पान हातानं दाबून सपाट केलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि विचारलं, "नाव काय लिवू?"

नेमका त्याच वेळी बाहेर माझ्या गाडीचा हॉर्न वाजला. मी बसून राहिलो.

"मास्तर लिही," म्हणालो. "नुसतं मास्तर."

तिनं लिहिलं. मग मला उभं करून टेप घेऊन खाली बसली, आधी डावा पाय मोजला, मग उजवा. क्षणभर थांबली, आणि काही न बोलता आकडा वहीत टिपला.